साशंक कोण आणि संशयित काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाचा मी जुना वाचक आहे. हे पत्र कोणत्याही बातमीच्या खरेखोटेपणाविषयी नसून बातम्यांत वरचेवर येणाऱ्या एका शब्दाविषयी आणि त्याच्या दोन-तीन भावंडांविषयी आहे. गेल्या काही आठवड्यांत आपल्या क्रीडा पानावर 'सलामीवीराचे खेळणे साशंक', जिल्हा पानावर 'उन्हाळी आवर्तन साशंक' आणि नगरपालिकेच्या वृत्तान्तात 'वाढीव निधी मिळणे साशंक' अशा धर्तीची शीर्षके वाचनात आली. हे केवळ आपल्याच दैनिकात घडते असे नाही. वृत्तवाहिन्यांच्या पडद्याखाली धावणाऱ्या पट्टीवर तर हा प्रयोग आता रुळूनच गेला आहे. तिन्ही ठिकाणी सांगायचे आहे ते इतकेच, की ती गोष्ट होणार किंवा नाही हे अद्याप ठरलेले नाही. परंतु जिचे ठरलेले नाही ती गोष्ट साशंक नसते. साशंक असतो तो माणूस. सलामीवीर खेळू शकेल किंवा नाही याविषयी प्रशिक्षक साशंक असेल, कालव्याला पाणी सुटेल किंवा नाही याविषयी लाभक्षेत्रातले शेतकरी साशंक असतील. आवर्तनाने स्वतः साशंक होण्याचे काही कारण नाही.

शब्दाची घडण पाहिली की हे स्पष्ट होते. 'आदरासह' तो सादर, 'आनंदासह' तो सानंद, तसा 'आशंकेसह' तो साशंक. ज्याच्या मनात आशंका आहे त्याचे हे विशेषण आहे; ज्या गोष्टीविषयी ती आहे, त्या गोष्टीचे नव्हे. येथे जाता जाता एक सांगितले पाहिजे. 'साशंक' हे अशुद्ध असून 'सशंक' हेच शुद्ध, असे काही चोखंदळ मंडळी मानतात आणि हाती आलेल्या मजकुरात तशी दुरुस्तीही करतात. वास्तविक शंकेसह तो सशंक आणि आशंकेसह तो साशंक. दोन्ही रूपे निर्दोष आहेत आणि मराठीने त्यांपैकी दुसरे आपलेसे केले आहे. 'साशंकित' हे मात्र उगाचच लांबवलेले रूप आहे. 'सानंदित' असे आपण कधी लिहीत नाही.

यावर असे म्हटले जाईल, की शब्दांचे अर्थ काळानुसार पसरतात आणि माणसाची विशेषणे वस्तूंना लागतात. 'साशंक नजर' किंवा 'साशंक स्वर' यांवर माझाही आक्षेप नाही. नजर कोणाची तरी असते, स्वर कोणाच्या तरी गळ्यातून येतो, आणि त्या विशेषणामागचा माणूस वाचकाला दिसत राहतो. 'आवर्तन साशंक' या शीर्षकात मात्र तो माणूसच नाहीसा होतो. शंका कोणाला आहे? पाटबंधारे खात्याच्या अभियंत्याला, की धरणातील साठ्याचे आकडे वाचून शेतकऱ्याला, की केवळ वार्ताहराला? अभियंत्यालाच शंका असेल तर पाणी बहुधा सुटणार नाही, आणि शंका फक्त शेतकऱ्याची असेल तर कदाचित सुटेलही. बातमीतला सर्वांत मोलाचा भाग हाच होता आणि तोच या शब्दयोजनेने गिळून टाकला. 'आवर्तनाबाबत शेतकरी साशंक' एवढे लिहिले असते तरी तो उरला असता. आणि शंका कोणाची हे वार्ताहराला ठाऊकच नसेल, तर 'आवर्तन अनिश्चित' हे प्रामाणिक शीर्षक उपलब्ध होतेच.

'साशंक'मधल्या आशंकेचीही अलीकडे बरीच ओढाताण होत आहे. दासबोधात श्रोता आशंका घेतो आणि वक्ता ती फेडतो. आठव्या दशकात 'सूक्ष्म आशंका' या नावाचा समासच आहे. तेथे आशंका म्हणजे निरूपण ऐकताना मनात उठलेला प्रश्न, आणि तो उठावा अशीच वक्त्याची अपेक्षा असते. संस्कृतातल्या आशंकेला भीतीचीही छटा आहे आणि हिंदीने ती छटाच पुढे आणली. हिंदी वृत्तसंस्थांच्या मजकुरातून ती आता मराठीत उतरते आणि मग 'येत्या चोवीस तासांत पावसाची आशंका' असे ऐन जूनमध्ये छापून येते. पेरणी खोळंबलेल्या मुलखात पावसाची आशंका कोण बाळगील? तेथे पावसाची शक्यता असते, आशा असते. गारपिटीची भीती असते आणि पूर येण्याची धास्ती असते. हवामान खाते मराठीत 'शक्यता' हाच शब्द वापरते, तोच ठेवावा. मराठीतल्या 'साशंक'लाही भीतीचा थोडासा स्पर्श आहे हे मात्र विसरून चालणार नाही. ज्याला नुसते माहीत नाही तो साशंक नव्हे. आपल्या पदरी वाईट येईल की काय, असे ज्याला वाटते तो साशंक. कर्जमाफीच्या घोषणेविषयी शेतकरी साशंक असतात, परंतु उद्या सूर्यग्रहण किती वाजता सुटेल हे ठाऊक नसलेला मनुष्य त्या बाबतीत साशंक असतो असे आपण म्हणत नाही.

शंका आणि संशय हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण बोलणारे लोक त्यांतला भेद चुकत नाहीत. शिक्षक वर्गात 'कोणाला काही शंका?' असे विचारतात. 'कोणाला काही संशय?' असे विचारले तर वर्गात चोरी झाली असावी असे वाटेल. शंकेचे निरसन होते, संशयाची चौकशी होते. शंका प्रश्न विचारून थांबते, संशय मात्र बोट दाखवतो. देवलांच्या १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या 'संशयकल्लोळ' या नाटकाचे नाव 'शंकाकल्लोळ' असे असते तर त्यातल्या संशयी फाल्गुनरावाला पाठ्यपुस्तकातले एखादे गणित अडले आहे असाच समज झाला असता. न्यायशास्त्राने सोळा पदार्थांत संशयाला प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगोलग तिसरे स्थान दिले, ते समोर दिसतो तो खांब की माणूस अशा दोलायमान ज्ञानाला. त्यात कोणावर आळ नव्हता. मराठी व्यवहारात मात्र संशयाला आळ चिकटला तो कायमचा, आणि आता तो काढून टाकण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

याहून बारीक गोष्ट विभक्तीची आहे, आणि वृत्तसंपादकांनी तिच्याकडे लक्ष द्यावे असे मला विशेषत्वाने वाटते. 'दुधात भेसळीचा संशय' असे लिहिले की भेसळ झाली असावी अशा बाजूला मन झुकते. 'दुधाच्या शुद्धतेविषयी संशय' असे लिहिले की दूध शुद्ध नसावे असे मनात येते. 'चा' लावला की संशय होकाराकडे कलतो, 'विषयी' लावले की नकाराकडे. 'असा' या शब्दाचीही तीच गत आहे: 'तो पैसे बुडवील अशी शंका आहे' यात तो बुडवील असे वाटत आहे, तर 'तो पैसे देईल की नाही अशी शंका आहे' यात तो देणार नाही असे वाटत आहे. हे कोणत्याही मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. परंतु घाईघाईने भाषांतरित केलेल्या मजकुरात 'हे औषध प्रभावी ठरेल अशी तज्ज्ञांना शंका आहे' असे वाक्य येते, तेव्हा औषध प्रभावी ठरणे हीच जणू तज्ज्ञांना सतावणारी आपत्ती असल्याचा भास होतो. मूळ म्हणणे 'प्रभावी ठरेल याविषयी तज्ज्ञ साशंक आहेत' असे असणार. 'साशंक' हा शब्द खऱ्या अर्थाने कामाला येतो तो अशाच जागी, आणि तेथेच आपण तो वापरत नाही.

'संदिग्ध' या शब्दाविषयी थोडक्यातच लिहितो. परिपत्रकातली तरतूद संदिग्ध असते, करारातले कलम संदिग्ध असते, पुढाऱ्याचे उत्तर तर बहुधा संदिग्धच असते. म्हणजे त्यातून दोन अर्थ निघतात आणि कोणता घ्यावा ते कळत नाही. रेल्वे स्थानकावर 'संदिग्ध व्यक्ती' पकडली गेली, असे जे हल्ली छापले जाते ते हिंदीचे उसने आहे. त्या व्यक्तीतून दोन अर्थ निघत नव्हते, तिच्या हालचाली संशयास्पद होत्या.

आता 'संशयित'. या शब्दाशी माझा संबंध नोकरीमुळे आला. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात माझा बराच काळ गेला, आणि ज्यांनी नागरी बँकेचा किंवा पतसंस्थेचा वार्षिक अहवाल उघडला आहे त्यांनी ताळेबंदाच्या डाव्या बाजूला 'संशयित व बुडीत कर्ज निधी' ही ओळ पाहिलेली असेल. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत कर्जाच्या चार पायऱ्या आहेत: उत्तम, दुय्यम, संशयित आणि बुडीत. शेतीकर्जासारखे अपवाद सोडले तर हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले की कर्ज अनुत्पादित होते आणि दुय्यम वर्गात जाते. तेथे ते १२ महिने राहिले की संशयित होते. माझ्या नोकरीच्या काळात नागरी सहकारी बँकांना संशयित कर्जाच्या तारणाने सुरक्षित असलेल्या भागावर पहिल्या वर्षी २० टक्के, त्यानंतरची दोन वर्षे ३० टक्के आणि त्यापुढे १०० टक्के तरतूद, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी तेवढी रक्कम बाजूला, करावी लागे. जो भाग तारणाने झाकलेला नाही त्यावर तर संशयित ठरताच पूर्ण तरतूद. म्हणजे कर्ज संशयित कधी झाले याला तारीख असे, ते कोणत्या कसोटीने झाले हे लिहिलेले असे, आणि संशयाला किती वजन द्यायचे तेही वर्षागणिक ठरलेले असे. कर्जदाराने थकबाकी पूर्ण भरली की ते खाते पुन्हा उत्तम वर्गात येई आणि संशयाचा शिक्का पुसला जाई.

एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अहवालवाचन चालू असताना मागच्या रांगेतले एक वयस्कर सभासद उभे राहिले आणि त्यांनी विचारले, "अध्यक्षसाहेब, हा संशय कर्जावर आहे का कर्जदारावर?" सभेत हशा पिकला. अध्यक्षांनी "दोन्हीवर धरा" असे सांगून विषय पुढे रेटला, परंतु ते उत्तर चुकीचे होते. संशय वसुलीविषयी असतो. कर्जदार सचोटीचा असू शकतो. दुकानाला आग लागलेली असते, घरातला कर्ता मनुष्य गेलेला असतो, उसाचे बिल कारखान्याकडे अडकलेले असते. 'संशयित कर्ज' या शब्दप्रयोगात कोणाच्या नीयतीवर शिंतोडा नाही, आणि गावगप्पांत तो उडतो यात त्या परिभाषेचा काही दोष नाही.

बँकेबाहेर मात्र हाच शब्द तारीख, कसोटी आणि मुदत या तिन्हींशिवाय हिंडतो. २०२० साली करोनाच्या साथीत 'संशयित रुग्ण' हा शब्द घरोघर पोहोचला. त्यात संशय रोगाविषयी होता, माणसाविषयी नव्हता. परंतु चाचणीचा अहवाल नकारार्थी आल्यानंतरही शेजाऱ्यांनी दार लावून घेतल्याच्या घटना आपणच त्या काळात छापल्या होत्या. पावसाळ्यातल्या तापाच्या बातम्यांत 'डेंग्यूसदृश लक्षणांचे रुग्ण' असे जे लिहिले जाते ते कितीतरी चांगले, कारण त्यात जे डोळ्यांना दिसते तेवढेच सांगितले आहे. दुसरे उदाहरण आसामचे आहे. तेथे १९९७ पासून निवडणूक आयोगाने मतदार यादीतील काही नावांपुढे 'डी' हे अक्षर लावले. ज्यांचे नागरिकत्व संशयास्पद वाटते त्यांचे ते चिन्ह. ज्याच्या नावापुढे ते लागले त्याला मतदान करता येत नाही, आणि विदेशी नागरिक न्यायाधिकरणाने निर्णय देईपर्यंत तो तसाच अधांतरी राहतो. कित्येकांच्या बाबतीत ही अवस्था वर्षानुवर्षे टिकली. मराठी वृत्तपत्रे या लोकांना 'संशयित मतदार' म्हणतात. तो मनुष्य मतदार म्हणून काही करूच शकत नसल्याने हा शब्दप्रयोग एकाच वेळी क्रूर आणि हास्यास्पद होतो. 'नागरिकत्वाविषयी निर्णय प्रलंबित असलेले' हे लांबलचक आहे खरे, परंतु शीर्षकात नाही तरी बातमीच्या अंगात तेवढी जागा मिळायला हरकत नसावी.

मला सर्वांत अधिक खटकते ते गुन्हेवृत्तातले 'संशयित'. न्यायालयात गुन्हा शाबीत होण्यापूर्वी एखाद्याला गुन्हेगार म्हणू नये, म्हणून हा शब्द आला. नाशिककडच्या वृत्तपत्रांनी तो विशेष निष्ठेने पाळला आणि त्यामागचा हेतू आदरणीय आहे. परंतु नुसता शब्द बदलल्याने वाक्य बदलत नाही. 'संशयिताने फिर्यादीच्या पोटात चाकू भोसकून पळ काढला' हे वाक्य पाहा. यात आरंभी संशय आहे आणि क्रियापदापर्यंत येता येता खात्री झालेली आहे. त्याने चाकू भोसकला हे वार्ताहर छातीठोकपणे सांगत असेल तर तो संशयित कशाचा? आणि तो संशयितच असेल तर चाकू भोसकणारा दुसरा कोणी असू शकतो, मग पळ कोणी काढला? येथे 'संशयित' हा शब्द गाडीवर लिहिलेल्या 'शुभ लाभ'सारखा केवळ रीत म्हणून उरला आहे. काळजी घ्यायची तर ती क्रियापदाने घ्यावी लागते: 'भोसकल्याच्या संशयावरून एकास ताब्यात घेण्यात आले', 'भोसकल्याची फिर्याद आहे', 'पोलिसांचे म्हणणे असे की'. हे थोडे लांबते, परंतु मराठीत त्याची सोय पूर्वीपासून आहे. जुन्या फौजदारी मराठीत यासाठी 'वहीम' असा स्वतंत्र शब्द होता. 'कोणावर वहीम आहे काय' असे फिर्याद घेताना विचारले जाई. तो टिकला असता तर पोलिसांचा वहीम आणि न्यायालयाचा संशय वेगवेगळे राखता आले असते.

ते वेगळे राखण्याची गरज केवळ शब्दप्रेमापोटी नाही. खटल्याच्या अखेरीस 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता' अशी बातमी येते, तेव्हा बहुसंख्य वाचक तिचा अर्थ असा लावतात, की या माणसावरचा संशय कायम आहे, फक्त तो सुटला. वस्तुतः या वाक्यातला संशय माणसावरचा नसतो. सरकार पक्षाने मांडलेल्या हकिकतीविषयी न्यायाधीशांच्या मनात उरलेला तो संशय असतो, आणि तो वाजवी असेल तर त्याचा लाभ आरोपीला मिळालाच पाहिजे, असे आपला फौजदारी न्याय सांगतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या तिसऱ्या कलमात, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात, एखादी गोष्ट शाबीत, नाशाबीत (म्हणजे खोटी ठरलेली) किंवा शाबीत न झालेली असू शकते असे तीन प्रकार सांगितले आहेत. 'शाबीत नाही' आणि 'नाशाबीत' यांतले अंतर कायद्याला ठाऊक आहे. सरकारी नोकरीच्या, विशेषतः पोलीस भरतीच्या, प्रकरणांत सन्मानपूर्वक मुक्तता आणि संशयाच्या फायद्याने झालेली मुक्तता यांत न्यायालयांनी भेद केलेला आहे हेही खरे. म्हणूनच बातमीत मोघम लिहून चालत नाही. साक्षीदार फितूर झाले, पंचनाम्यात विसंगती निघाली, की न्यायालयाने आरोपच खोटा ठरवला, यांपैकी निकालपत्रात जे असेल ते एका वाक्यात छापले पाहिजे. 'संशयाचा फायदा' एवढ्यावर थांबले की अटकेच्या दिवशी चार रकान्यांत छापलेला संशय मुक्ततेच्या दिवशी एका रकान्यात पुन्हा एकदा छापल्यासारखे होते.

मराठीत अनिश्चिततेसाठी शब्दांचा तोटा नाही. काम अधांतरी असते, निर्णय टांगणीला लागतो, प्रकरणाचे भिजत घोंगडे पडते, आघाडी डळमळीत होते, मनात किंतु राहतो, भाविकाच्या मनात विकल्प येतो आणि शंकेची पाल तर कधीही चुकचुकते. यांतला कोणता शब्द कोठे, हे ठरवताना मजकूर पाहणाऱ्याने शंका कोणाला आहे आणि कशाविषयी आहे, एवढे दोन प्रश्न वार्ताहराला विचारावेत. क्रीडा पानापुरते 'खेळणे अनिश्चित' चालेल. कालवे, निधी आणि योजना यांच्या बाबतीत मात्र शंका घेणाऱ्याचे नाव किंवा पद बातमीत यावेच.

आणखी एक विनंती. अटकेची बातमी ज्या माणसाचे नाव घालून 'संशयित' म्हणून आपण छापली असेल, त्याच्या सुटकेची बातमीही नाव घालूनच, त्याच पानावर आणि 'संशयित' हा शब्द वगळून छापावी. निकालाच्या दिवशी तालुका न्यायालयात वार्ताहर उपस्थित नसेल, तर दुसऱ्या दिवशी निकालपत्राची प्रत मिळवून ती बातमी देता येते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक,
सातारा